सहा महिने न भरलेलं तोंड: पेम्फिगस व्हल्गॅरिसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

"डॉक्टर, तोंड आलंय, आणि जातच नाही." मुखरोगाच्या ओपीडीत ही तक्रार रोज ऐकू येते. बहुतेकांच्या जखमा दहा-पंधरा दिवसांत औषधानं किंवा औषधाशिवाय भरून येतात. अडचण नेमकी तिथेच आहे. आपोआप बऱ्या होणाऱ्या इतक्या तोंडांच्या गर्दीत, आपोआप कधीच बरं न होणारं एखादं तोंड सहज झाकून जातं.

या प्रकरणातल्या रुग्ण ४८ वर्षांच्या शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. आमच्याकडे येईपर्यंत त्यांना त्रास सुरू होऊन सहा महिने झाले होते. सुरुवात डाव्या गालाच्या आतून झाली. आतली कातडी सोलली गेल्यासारखी आग होई. दात लागला असेल असं त्यांना वाटलं. मग उजव्या गालात तेच, मग टाळूच्या मागच्या मऊ भागात, शेवटी हिरड्यांवर.

या काळात त्यांनी एकामागून एक उपचार घेतले होते. आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि जखमेवर लावायचं जेल. मग बुरशीचं औषध, कारण जिभेवर पांढरा थर दिसला. मग हर्पिस या विषाणूच्या संसर्गासाठी असायक्लोव्हिर. एका ठिकाणी धारदार दात घासून गुळगुळीत केला. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दुसऱ्या ठिकाणी दातांची सफाई झाली, त्यात हिरडीचे पापुद्रे निघाले आणि ती अर्धीच सोडावी लागली. एका ठिकाणी तर तुकडा काढून तपासलाही होता. रिपोर्ट आला: "नॉनस्पेसिफिक अल्सर, क्रॉनिक इन्फ्लमेशन", म्हणजे कोणताही विशिष्ट आजार न दाखवणारा व्रण आणि जुना दाह. तुकडा तपासला, काही निघालं नाही, म्हणजे गंभीर काही नाही, असा अर्थ सगळ्यांनीच घेतला.

यातला प्रत्येक उपचार सुटा पाहिला तर समजण्यासारखा होता. पण सगळी साखळी एकत्र मांडून कुणी पाहिली नव्हती. प्रत्येक नव्या खोलीत त्या "पहिल्या दिवसाचा" रुग्ण होत्या.

एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. मध्ये कुणीतरी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. "त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट जेवले. गोळ्या संपल्या आणि परत सगळं तसंच." त्यांना हवी होती तीच गोळी.

तपासणीत काय दिसलं

वजन सात किलोंनी उतरलेलं. वर्गात बोलणं जवळजवळ बंद, आवाज थोडा घोगरा. बसताक्षणी पहिला प्रश्न: "कॅन्सर तर नाही ना?"

तोंडात फोड एकही नव्हता. होत्या त्या लालभडक, वेड्यावाकड्या आकाराच्या उघड्या जागा. कडांना सैल पापुद्रे लोंबत होते. बोट फिरवलं तर तळ आणि कडा मऊ होत्या, कुठेही टणकपणा नव्हता. मानेत कडक किंवा चिकटलेली गाठ नव्हती. गालांच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा नव्हत्या. जिभेवरचा पांढरा थर पुसला की निघत होता, म्हणजे बुरशी होतीच. पण बुरशीनं गाल असा सोलत नाही. ती मागाहून, दुखऱ्या आणि न घासलेल्या तोंडात वाढली होती.

हिरड्या दातांच्या कडेपासून खाली रुंद पट्ट्यात लाल आणि चकचकीत झाल्या होत्या. खुर्चीवरच्या सिरिंजनं हवेचा हलका झोत मारला, तर वरचा थर उचलला गेला. त्वचेवर बोट घासलं की वरचा थर सुटतो, त्या निकोल्स्की चिन्हाचंच हे तोंडातलं रूप.

यानंतर आम्ही तोंडाबाहेरचे प्रश्न विचारले. डोळे चुरचुरतात का, नाकातून खपल्या किंवा रक्त येतं का, लघवीच्या जागी जखमा आहेत का, गिळताना अडकतं का. नाकातून अधूनमधून खपली येत होती. अंगावर काही उठलंय का, याला उत्तर "नाही" असं आलं. तरीही केस बाजूला करून डोकं पाहिलं. कानाच्या मागे, केसांच्या रेषेत, रुपयाएवढी ओली खपली होती. कोंडा समजून त्या तीन आठवडे औषधी शाम्पू लावत होत्या. तोंडाच्या जखमांचा आणि या खपलीचा संबंध असेल हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. तो विचार तपासणाऱ्यानं करायचा.

समस्या आणि शक्यता

साध्या तोंड येण्यातले व्रण गोल किंवा लांबट असतात. मध्ये पिवळसर-राखाडी तळ, भोवती लाल कडं, आणि ते ओठांच्या आत, गालात, जिभेखाली अशा मऊ भागांत येतात. हिरडीच्या घट्ट भागावर आणि कडक टाळूवर सहसा येत नाहीत. मुख्य म्हणजे ते येतात, भरतात, काही काळ तोंड स्वच्छ राहतं, आणि मग पुन्हा येतात. या बाईंच्या तोंडात सहा महिन्यांत एकही मोकळा दिवस नव्हता. एवढ्या एका माहितीवर ते निदान बाद व्हायला हवं होतं.

हर्पिसच्या पहिल्या हल्ल्यात ताप असतो आणि तो दोन आठवड्यांत ओसरतो. पुन्हा उद्भवणारा हर्पिस छोट्या पुंजक्यांनी येतो, धडधाकट माणसात तो महिनोन् महिने टिकत नाही. कॅन्सरचा व्रण बहुधा एकाच जागी, टणक कडेचा असतो. इथे जखमा अनेक, मऊ आणि जागा बदलणाऱ्या होत्या. तरी तुकडा तपासल्याशिवाय त्यांना "नाही" असं ठाम उत्तर देणं योग्य नव्हतं. तसं चित्र दिसत नाही, पण खात्री तपासणीनंच होईल, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.

उरले रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडातून होणारे तीन आजार: इरोझिव्ह लायकेन प्लॅनस, म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड आणि पेम्फिगस व्हल्गॅरिस. हे तिन्ही आजार हिरड्या अशाच सोलतात. हिरडी पाहून यातला कोणता हे सांगता येईल असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नये. पेम्फिगॉइडमध्ये डोळ्यांत व्रण राहून दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळे तपासून घेतले. ते स्वच्छ होते. डोक्यातली खपली, लोंबते पापुद्रे आणि न दिसणारे फोड यांनी कौल पेम्फिगसकडे झुकवला. या आजारात फोड इतका वरच्या थरात आणि पातळ भिंतीचा असतो की तोंडात तो काही तासांतच फुटतो, रुग्णालाही तो दिसत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात तोंडापासून होते आणि त्वचेवर काही उमटायला अनेक महिने लागू शकतात.

ओठांवर जाड रक्ताळ खपल्या नव्हत्या, पण वजन उतरलं होतं. त्यामुळे शरीरात दडलेल्या गाठीमुळे, विशेषतः लिम्फोमामुळे (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमुळे), होणारा पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसही यादीत ठेवला. चालू औषधांची यादी तपासली. पेनिसिलॅमिन किंवा कॅप्टोप्रिलसारखं, हा आजार पेटवू शकणारं, काही नव्हतं.

पहिला निर्णय: गोळी आधी की तुकडा आधी

समोर जेवू न शकणारी बाई आहे, आणि कोणत्या गोळीनं तिला आराम पडतो हेही माहीत आहे. चिठ्ठी लिहून देणं अगदी सोपं होतं. तसं केलं असतं तर जखमा अर्धवट भरल्या असत्या, तुकड्यातलं चित्र पुसट झालं असतं, आणि वर्षभर चालणारे उपचार अंदाजावर सुरू करावे लागले असते.

आम्ही त्याच दिवशी बायोप्सी करायचं ठरवलं. दुखण्यावर बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन जेल दिलं, ते जेवणाआधी लावायचं. दोन घास गिळता आले तर माणूस आठवडाभर थांबू शकतो. का थांबायचं हे समजल्यावर बाईंनीही गोळीचा आग्रह सोडला.

दुसरा निर्णय: तुकडा कुठून घ्यायचा

संपूर्ण प्रकरण या एका जागेवर फिरलं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

आधीचा तुकडा जखमेच्या मधोमध घेतला होता. व्रणाच्या मध्यभागी वरचं अस्तर उरलेलंच नसतं. तिथे सूज आणि दाहाच्या पेशी सापडणार, बाकी काही नाही. पेम्फिगसमध्ये बिघाड असतो तो अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटण्यात. ज्या जागी त्या आधीच सुटून गेल्या आहेत तिथे पुरावा मिळणार नाही. शिवाय त्या वेळच्या फॉर्मवर "अल्सर, गाल" एवढेच दोन शब्द होते. पॅथॉलॉजिस्टनं जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्याला विचारलंच काही नव्हतं.

हिरडीवरून घ्यावा का, हाही विचार झाला. हिरडी सहज हाताशी येते. पण न घासलेल्या हिरडीत कीटणामुळे दाह असतोच आणि तो चित्र गढूळ करतो. म्हणून गाल निवडला. एक तुकडा जखमेच्या कडेवरून घेतला, त्यात अर्ध्याहून अधिक भाग शाबूत अस्तराचा. तो १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत. दुसरा जखमेपासून साधारण एक सेंटिमीटरवरच्या, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या अस्तराचा, डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे अस्तराला चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. तो मिशेल्स मीडियम या जपणुकीच्या द्रवात. हा तुकडा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला की ती तपासणी वाया जाते. मिशेल्स मीडियम हाताशी नसेल तर साध्या सलाइनमध्ये ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवला तरी चालतो. ही सोय अनेक दवाखान्यांना माहीत नसते.

भुलीचं इंजेक्शन नेमक्या त्या जागी न देता थोडं बाजूला दिलं, नाहीतर द्रवाच्या दाबानंच अस्तर उचललं जातं. पंच (तुकडा कापायचं गोल पातं) फिरवताना जोर लावला नाही, तुकडा चिमट्यानं चुरडला नाही. एवढी काळजी घेऊनही अस्तर सुटून येऊ शकतं. तसं झालं तर ते सुटलेलं अस्तरही बाटलीत टाकायचं. फॉर्मवर सहा महिन्यांचा क्रम, डोक्यातली खपली, आधीचा स्टिरॉइडचा कोर्स आणि "पेम्फिगस? पेम्फिगॉइड? लायकेन प्लॅनस?" असा थेट प्रश्न लिहिला. डोक्यातल्या खपलीसाठी त्वचारोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन केला.

निदान

तुकड्यात तळाच्या पेशींच्या थरावर फट दिसली. तळाच्या पेशी जागेवर, वरच्या सुटून गोलसर झालेल्या. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये अस्तराच्या पेशींच्या मधल्या जागेत आयजीजी (एक प्रकारची अँटिबॉडी) आणि सी३ (रोगप्रतिकार यंत्रणेतलं एक प्रथिन) जाळीदार नक्षीत चमकत होते. रक्तात डेस्मोग्लेन-३ विरोधी अँटिबॉडी बऱ्याच वाढलेल्या, डेस्मोग्लेन-१ विरोधी थोड्या. छातीच्या आणि पोटाच्या स्कॅनमध्ये गाठ निघाली नाही. निदान: पेम्फिगस व्हल्गॅरिस.

डेस्मोग्लेन ही पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी प्रथिनं. शरीर त्यांच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवू लागतं आणि शिवण उसवावी तसं अस्तर उसवतं. तोंडाचं अस्तर मुख्यतः डेस्मोग्लेन-३ वर तगून असतं, त्वचेत दोन्हींचा आधार असतो. म्हणून फक्त ३ विरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर आजार बहुधा तोंडापुरता राहतो, १ विरुद्धच्याही आल्या की त्वचा फुटू लागते. बाईंच्या डोक्यातली खपली आणि रक्ताचा रिपोर्ट यांचा मेळ असा बसला. या रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी बॉयट्नर आणि जॉर्डन या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवल्या. त्याआधी हा आजार का होतो याचे नुसते तर्क होते, आणि १९५० च्या दशकात स्टिरॉइड हाती येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण यातून वाचत नसत. आजचं चित्र फार वेगळं आहे, आणि हे रुग्णाला आवर्जून सांगावं. नाव शोधलं की जुनी भीतिदायक माहितीच आधी समोर येते.

"घरात कुणाला लागेल का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. नाही. हा आजार संसर्गानं पसरत नाही.

तिसरा निर्णय: कोणता उपचार

नुसतं वरून लावायचं स्टिरॉइड हा मार्ग आधी बाजूला पडला. आजार लहान, तोंडापुरता असता तर त्याचा विचार झाला असता. इथे वजन उतरलेलं, नाक आणि त्वचा गुंतलेली.

दुसरा मार्ग जुना आणि परिचित: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि जोडीला रोगप्रतिकार यंत्रणा दाबणारं अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. तिसरा, रिटुक्सिमॅब आणि सोबत कमी काळासाठी प्रेडनिसोलोन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दोन वर्षांनी औषधाविना पूर्ण बरे राहिलेले रुग्ण रिटुक्सिमॅबच्या गटात ८९ टक्के होते, नुसत्या प्रेडनिसोनच्या गटात ३४ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मध्यम ते तीव्र पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मान्यता दिली.

तरीही हा निर्णय आकड्यांवर सोडता येत नाही. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचा वंश काही महिन्यांसाठी पुसून टाकतं, म्हणून संसर्गाचा धोका वाढतो. बाई दिवसभर मुलांच्या गराड्यात असत. दुसऱ्या बाजूला त्यांची साखर आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे वर्षभर जास्त स्टिरॉइड हाही मोठा धोका होता. त्वचारोगतज्ज्ञ, फिजिशियन, आम्ही, स्वतः बाई आणि त्यांचे पती असे एकत्र बसून बोललो. कौल तिसऱ्या मार्गाला मिळाला, आणि त्यात साखरेचं वजन सर्वांत जास्त होतं. रिटुक्सिमॅब आवाक्यात नसेल तिथे दुसरा मार्गही योग्यच आहे. अझाथायोप्रिन देण्याआधी टीपीएमटीची (शरीरात या औषधाचं विघटन करणाऱ्या एन्झाइमची) तपासणी मात्र करून घ्यावी.

मध्येच एक पेच आला. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी रिटुक्सिमॅबच्या किमान दोन ते चार आठवडे आधी दिल्या तर शरीर त्यांना नीट प्रतिसाद देतं. पण आजाराला थांबायला वेळ नव्हता. तोडगा असा निघाला: लसी लगेच द्यायच्या, वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबानं प्रेडनिसोलोन सुरू करायचं, आणि त्याच्या आधारावर दोन आठवडे काढून मग रिटुक्सिमॅब. तोवर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या. हिपॅटायटिस बीमध्ये कोअर अँटिबॉडीही पाहिली, कारण जुना दबलेला संसर्ग या औषधानं उसळू शकतो. मग १ ग्रॅमचे दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतरानं.

तोंडाची निगा

मोठ्या औषधांच्या चर्चेत हा भाग मागे पडतो. बाईंनी दुखतं म्हणून घासणं जवळपास सोडलं होतं. कीटण साचलं, हिरडीचा दाह वाढला, दुखणं वाढलं, घासणं आणखी कमी झालं. हे चक्र कुठेतरी तोडणं भागच होतं.

अतिशय मऊ ब्रश, फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट, अल्कोहोलविरहित क्लोरहेक्सिडीन. हिरड्यांसाठी दातांवर बसणारा पातळ ट्रे करून घेतला. त्यात ०.०५ टक्के क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं जेल भरून ठरलेल्या वेळी लावायचं, त्यामुळे औषध लाळेत वाहून न जाता हिरडीवर टिकतं. सोबत निस्टॅटिन, कारण स्टिरॉइडनं बुरशी पुन्हा वाढणारच. दातांची सफाई प्रेडनिसोलोनचा परिणाम दिसू लागल्यावर, एका वेळी तोंडाचा एक कोपरा, अशी हाताच्या उपकरणांनी केली. आधी जिथे पापुद्रे निघाले होते तिथे आता हिरडी टिकली, आणि बाईंचा ब्रशवरचा विश्वास परत आला.

परिणाम

तिसऱ्या आठवड्यापासून नव्या जखमा येणं थांबलं. गाल आणि टाळू आधी भरले, डोक्यातली खपली त्यांच्या पाठोपाठ. हिरड्या सगळ्यांत शेवटी, कित्येक महिन्यांनी. हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांचा धीर सुटला नाही.

साखर अपेक्षेप्रमाणे वाढली, मेटफॉर्मिन लागलं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पहिल्या दिवसापासून होतं, हाडांची घनताही तपासली. एकदा बुरशी उलटली, ती औषधानं गेली. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत सहा महिन्यांच्या सुमारास बंद झालं आणि साखर उतरली. शाळेच्या सत्राच्या मध्यावर त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. बाराव्या महिन्यात ५०० मिलिग्रॅम रिटुक्सिमॅबचा ठरलेला डोस झाला. तेव्हा तोंड स्वच्छ होतं, डेस्मोग्लेन-१ च्या अँटिबॉडी सापडत नव्हत्या, ३ च्या थोड्या उरल्या होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

दोन ते तीन आठवड्यांत न भरलेल्या तोंडाच्या कोणत्याही जखमेला आणखी एक जेल न देता पुढच्या तपासणीला पाठवायचं, एवढं झालं असतं तरी चार-पाच महिने वाचले असते. सर्वांत ठळक खूण सफाईच्या खुर्चीत दिसली होती. निरोगी किंवा नुसत्या सुजलेल्या हिरडीचे पापुद्रे निघत नाहीत. त्या क्षणी सफाई थांबवली हे बरोबरच झालं, पण का निघाले हा प्रश्न तिथेच सुटून गेला.

निदानाशिवाय दिलेला स्टिरॉइडचा छोटा कोर्स मला जास्त खटकतो. त्यानं आजार गेला नाही, फक्त पुढचे काही आठवडे तो हलका दिसला आणि तपासणीची निकड ओसरली. अशा कोर्सनं आलेला आणि लगेच गेलेला आराम ही रोगप्रतिकार यंत्रणेच्या आजाराकडे बोट दाखवणारी माहिती आहे, तिची नोंद व्हायला हवी. पहिल्या बायोप्सीबाबत, "नॉनस्पेसिफिक" रिपोर्ट आणि समोरचं तोंड यांचा मेळ बसत नसेल तर दुसऱ्या जागेवरून पुन्हा तुकडा घ्यायला संकोच नको.

आमच्या बाजूनं पाहता, हिपॅटायटिस आणि क्षयाच्या तपासण्या डेस्मोग्लेनच्या रक्तासोबतच पाठवणं सोयीचं ठरेल. पेम्फिगसचा दाट संशय असलेल्या रुग्णांत आता तोच क्रम ठेवला आहे.

बाई सध्या दर तीन महिन्यांनी येतात. उरलेल्या अँटिबॉडींमुळे आजार परत येण्याची शक्यता आहे, आणि तो बहुधा तोंडातच आधी दिसेल. त्यांना सांगितलं आहे: नवी जखम दिसली तर काही लावण्याआधी फोटो काढायचा, आठवड्याच्या आत दाखवायला यायचं, आणि घरात उरलेली प्रेडनिसोलोनची गोळी स्वतःहून घ्यायची नाही.